खाणीच्या तळाशी ठेवलेली हवा

काकांची आणि माझी ओळख दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये झाली. मी फोनवर आईला सांगत होते, "अगं, पाणबुड्या मिळत नाहीये मला, पाणबुड्या!" आणि तिकडून नांदेडहून आई विचारत होती, की पाणबुडी घेऊन तू करणार काय. शेजारच्या टेबलावरचा माणूस साबुदाणा वडा खाता खाता थांबला.

"कुठल्या पाण्यात उतरायचंय?" त्यांनी विचारलं.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं नौदलात पाणबुड्या म्हणून काढलेली. काकूंची केंद्र सरकारातली नोकरी फरीदाबादला, म्हणून निवृत्तीनंतर तिथेच राहिलेले. मी म्हटलं, पाणी समुद्राचं नाही, फरीदाबादच्या मागे अरवलीत जुन्या दगडखाणी आहेत, त्यांत साठलेलं आहे. ते हसले. "म्हणजे माझ्या घरामागेच की. पाणी सुटलं म्हणून बायको खूश होती हो माझी."

पहिल्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणत आले आणि ते मला मॅडम. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण साइटवर हुकूम माझा चालायचा, आणि नौदलातल्या माणसाला हुकूम कोणाचा हे पक्कं कळतं. पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं असं मला वाटतं.

आमची कंपनी म्हणजे नोएडाच्या एका सेक्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सर, मी, हिशेब बघणाऱ्या एक बाई आणि कॉम्प्रेसर सांभाळणारा एक मिस्त्री. आम्ही करत होतो ते सांगायला सोपं आहे. सूर्यावरची वीज दुपारी भरपूर असते आणि संध्याकाळी, जेव्हा घरोघर दिवे लागतात, तेव्हा नसते. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत ठेवायची कुठे? आम्ही ती हवेत ठेवत होतो. दुपारच्या विजेवर कॉम्प्रेसर चालवायचा, दाबलेली हवा नळीने खोल पाण्यात बांधलेल्या पिशवीत भरायची. वरचं पाणी पिशवीला चारी बाजूंनी दाबून धरतं. संध्याकाळी झडप उघडली की पाणीच हवेला वर ढकलतं, त्या हवेवर छोटी टर्बाइन फिरते, आणि वीज परत मिळते. सगळी नाही, निम्म्याहूनही कमी. पण मिळते.

एक अडचण मात्र कायमची. हवा पाण्याखाली राहायला तयार नसते. आमची पिवळी पिशवी पूर्ण भरली की एका लहान खोलीएवढी व्हायची आणि आठ टनांच्या जोराने वर ओढायची. तिला तळाशी रोखून ठेवायला तारेच्या जाळीचे पेटारे होते, त्यांत खाणीतलेच दगड भरलेले. पेटारे आणि पिशवी यांच्यामध्ये जाड नायलॉनचे सहा पट्टे. अठ्ठावीस मीटर खोलीवर ते सहा पट्टे बांधले ते काकांनी.

पहिली चाचणी फसली. दुसऱ्या चाचणीत, ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी, काठावर लावलेले बारा दिवे चाळीस मिनिटं जळले. मिस्त्री नाचला. काकांनी ओल्या अंगानेच मला मिठाईचा डबा पुढे केला. डबा ते सकाळीच घेऊन आले होते, हे मला नंतर कळलं. मी वडिलांना फोन केला. ते आयुष्यभर वीज मंडळात लाइनमन होते. म्हणाले, "हवेवर दिवे लावलेस होय? बरं झालं, खांबावर चढायला नको."

मग नोव्हेंबर आला. दिल्लीत राहणाऱ्याला नोव्हेंबर काय ते सांगायला नको. सूर्य दिसायचा, पण ऊन पडायचं नाही. आमचा कॉम्प्रेसर फक्त सौर पॅनलवर चालायचा. तीच तर आमची अट होती, सरांनी सगळीकडे छातीठोकपणे सांगितलेली. ज्या पिशवीला ऑक्टोबरमध्ये सहा तास पुरत, तिला त्या धुरकट आठवड्यात अडीच दिवस लागले. आणि शुक्रवारी सकाळी दहाला, प्रकल्पात पैसे घालायचे की नाही ते ठरवायला पाहुणे येणार होते. त्यांच्या होकारावर पुढची दोन वर्षं अवलंबून होती. नकार आला तर मार्चमध्ये कुलूप.

गुरुवारी सकाळी पिशवी भरली. काका दोनदा खाली जाऊन आले. दुसऱ्यांदा वर आले, पाण्यावरच्या आमच्या तराफ्याच्या कडेला धरून मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "डावीकडचा एक पट्टा पिंजलाय. पेटाऱ्याच्या कडेवर घासतोय."

"किती?"

"अर्धा उरला असेल. हवा सोडा, मॅडम. रिकामी झाली की नवा पट्टा टाकतो."

साडेअकरा झाले होते. हवा सोडली असती तर शुक्रवारी दहापर्यंत पुन्हा भरणं शक्यच नव्हतं, तेवढं ऊनच नव्हतं आभाळात. मी सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साइट पे आप हो, आप डिसाइड करो." वाक्य किती साधं आहे. त्यानंतर कित्येक महिने मी ते मनात उलटंपालटं करत होते, त्यातून माझी सुटका होईल असा एखादा अर्थ निघतो का ते बघत. निघाला नाही. साइटवर मीच होते.

मी काकांना म्हटलं, "हवा न सोडता बाजूने एक जादा दोर बांधता येईल का? फक्त उद्यापुरता."

 ते म्हणाले, "येईल. पण आज दोनदा झालंय, दिवसाला दोनच बुड्या हा नियम. तिसऱ्यांदा उद्या सकाळी जातो."

"उद्या पाहुणे लवकर आले तर? काका, पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणाले असते तर मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण ते नाही म्हणाले नाहीत. "ठीक आहे, मॅडम," म्हणाले आणि नवी टाकी पाठीवर चढवली.

खाली दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी आपल्या कमरेच्या पट्ट्याचा हुक पिशवीच्या कडीत अडकवला होता. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. दोराची पहिली गाठ मारतानाच पिंजलेला पट्टा तुटला. त्याचा भार बाकीच्या पाचांवर आला आणि तेही एकामागून एक सुटले.

आम्हाला वर आधी आवाज आला नाही. आधी तराफा उचलला गेला. मग दहा पावलांवर पाणी फुगलं आणि ती पिवळी पिशवी अर्धीअधिक हवेत उसळली, आडवी पडली, आणि तिच्या बाजूला कडीला लटकलेले काका. अठ्ठावीस मीटर ते काही सेकंदांत वर आले होते. एरवी ते त्याच अंतराला पंधरा-वीस मिनिटं घेत, मध्ये मध्ये थांबत. मी तराफ्यावर बसून कंटाळायचे, एवढा वेळ.

मिस्त्रीने आणि मी त्यांना वर ओढलं. शुद्धीवर होते. नाकातून थोडं रक्त येत होतं. "श्वास सोडत आलो," ते म्हणाले. "फुप्फुसं ठीक आहेत. ऑक्सिजन द्या." आमच्याकडे एक लहान सिलिंडर होता, त्याचा मास्क लावला. काठावर आणेपर्यंत ते बोलत होते. काठावर खांदा दुखतोय म्हणाले. मग बूट काढायला वाकले आणि तसेच बसले.

"मॅडम, पायाला मुंग्या येताहेत."

मला काय झालंय ते माहीत होतं. प्रकल्पाची सुरक्षेची फाइल मीच लिहिली होती. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो, माणूस सावकाश वर आला तर सावकाश निघून जातो, झटक्यात वर आला तर शरीरात जागच्या जागी त्याचे बुडबुडे होतात. सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतात तसे. उपाय एकच. माणसाला दाबाच्या टाकीत घालायचं, पुन्हा तेवढाच दाब द्यायचा आणि मग तासन्‌तास घेत तो उतरवायचा. अशी टाकी असलेल्या दिल्लीतल्या एका रुग्णालयाचा नंबर फाइलमध्ये चौथ्या पानावर होता. मी फोन लावला.

"चेंबर? वो तो बंद है मॅडम. रिपेअरिंग में है, पाँच-छह महीने हो गए."

नंबर मी दीड वर्षापूर्वी लिहिला होता. त्यानंतर एकदाही फिरवून पाहिला नव्हता.

मिस्त्रीने गाडी काढली. काकांना मागच्या सीटवर आडवं झोपवलं आणि आधी जवळच्या, फरीदाबादमधल्याच एका रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. त्याने पाय तपासले, रक्तदाब बघितला आणि म्हणाला, "स्ट्रोक लग रहा है. पहले सीटी करवाते हैं."

मी त्याला सांगत होते, पाण्यातून वर आलेत, दाबाची टाकी पाहिजे, वेळ नाही. तो मान हलवत होता आणि कागदावर सीटीच लिहीत होता. फरीदाबादच्या डॉक्टरने आयुष्यात असा रुग्ण कुठून पाहिलेला असणार? जवळचा समुद्र हजार किलोमीटरवर. मी ओरडायला लागले. मला आठवतंय, मी मराठीत ओरडत होते आणि तिथे कुणाला काही कळत नव्हतं.

स्ट्रेचरवरून काकांनी माझी ओढणी ओढली. "माझ्या फोनमध्ये डॉक्टर म्हणून नंबर आहे. जहाजावरचे आमचे. त्यांना लावा."

ते निवृत्त डॉक्टर कोचीला होते. पहिल्याच रिंगला त्यांनी फोन उचलला. मी दोन वाक्यं बोलले आणि ते म्हणाले, "फोन त्या डॉक्टरला द्या." तो तरुण मिनिटभर ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. फोन परत दिला तेव्हा तो म्हणाला, "सॉरी, मॅडम. अ‍ॅम्ब्युलन्स देता हूँ. ऑक्सिजन बंद मत होने देना." कोचीच्या डॉक्टरांनी तोवर दुसऱ्या फोनवरून दिल्लीतली चालू टाकी शोधली होती. पार दुसऱ्या टोकाला, धौला कुआंच्याही पुढे.

अ‍ॅम्ब्युलन्समधल्या त्या दोन तासांबद्दल मी कुणाशी फारसं बोललेले नाही.

बदरपूरला अडकलो. मग आश्रमच्या चौकात अडकलो. सायरन वाजत होता आणि पुढचा ट्रक हलायचं नाव घेत नव्हता, कारण त्याच्या पुढे जागाच नव्हती. दुपारचा दीड वाजला होता आणि बाहेर दिवेलागणीसारखा करडा उजेड. काकांनी मला काम लावून दिलं होतं. "दर दहा मिनिटांनी पायाला चिमटा काढायचा. अंगठ्यापासून सुरू करा. कुठे कळतं ते मी सांगतो. डॉक्टर विचारतील."

बदरपूरला मी अंगठ्याला चिमटा काढला, त्यांना कळला नाही. घोट्याला कळला. आश्रमला घोट्याला कळला नाही, गुडघ्याला कळला. मी कागदावर वेळ लिहीत होते आणि समोर जागा. पुलावरून उतरताना मी गुडघ्याच्या वर, मांडीला, जोराने चिमटा घेतला. नख रुतलं.

"काढा ना चिमटा," काका म्हणाले.

 माझा हात अजून त्यांच्या मांडीवरच होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना समजलं.

"लिहून ठेवा," ते म्हणाले. "वेळ पण लिहा."

थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले आणि मास्कच्या आतून म्हणाले, "घरी कळवलंत?"

मी कळवलं नव्हतं. माझी हिंमतच झाली नव्हती. तिथूनच काकूंना फोन लावला. त्या ऑफिसात होत्या. मी म्हटलं, काकू, अपघात झालाय, काका बोलताहेत, आम्ही दवाखान्यात निघालोय. त्यांनी एवढंच विचारलं, "आज कितव्यांदा उतरले होते?"

"तिसऱ्यांदा," मी म्हटलं.

 त्या म्हणाल्या, "तिसऱ्यांदा ते आपणहून उतरत नाहीत."

टाकी म्हणजे आडवं ठेवलेलं लोखंडी नळकांडं, त्याला जाड काचेची गोल खिडकी. काकांना आत घेतलं, एक परिचारक त्यांच्यासोबत आत बसला, दार लागलं आणि हवा भरायला लागली. कॉम्प्रेसरचा तो आवाज मला पाठ होता. दोन वर्षं रोज ऐकलेला. बाहेरच्या बाकावर मी आणि काकू, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. सहा तास. मी एकदा म्हटलं, "काकू, चूक माझी आहे. मी पाठवलं त्यांना." त्यांनी माझ्याकडे न बघता पर्समधून बिस्किटांचा पुडा काढला, स्वतः एक खाल्लं, पुडा आपल्या मांडीवर ठेवला. मला दिलं नाही. ते बरोबरच होतं.

तेवढ्यात सरांचा फोन आला. पाहुण्यांना कळवलंय, भेट पुढे ढकललीय. मग काका कसे आहेत. मग, "रिपोर्ट में थोड़ा ध्यान से लिखना."

काका त्या टाकीत एकूण अकरा वेळा गेले. पहिल्या दिवसानंतर मांडीपर्यंत संवेदना परत आली, चौथ्या वेळेनंतर गुडघ्यापर्यंत. आठव्यानंतर डावा पाय हलला. उजवा हलला नाही. लघवीची नळी कायम राहिली. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आला असतात तर. असं त्यांनी म्हणायला नको होतं. पण खरं होतं.

रिपोर्ट मी घरी बसून लिहिला. सरांचं म्हणणं असं, की पाणबुड्याने नियमापेक्षा जास्त वेळा बुडी घेतली, एवढं वाक्य आलं तर कंपनी वाचेल, आणि कंपनी वाचली तर काकांनाही मदत करता येईल. त्यांच्या बोलण्यात ते अगदी रास्त वाटायचं. मी ते वाक्य लिहिलं नाही. पण लिहिलं ते असं: "चाचणीदरम्यान एक पट्टा अनपेक्षितपणे तुटला." माझी समजूत होती, की हे खोटं नाही.

काका तेव्हा वॉर्डात होते. म्हणाले, "मला वाचून दाखवा." काकू खाली औषधं आणायला गेल्या होत्या. मी खोली, दाब, वेळ, सगळं वाचत गेले. ते डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते. त्या वाक्याशी आले आणि त्यांनी डोळे उघडले.

"अनपेक्षितपणे?"

मी कागद खाली ठेवला.

"मी वर येऊन सांगितलं होतं ना तुम्हाला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "पिंजलाय म्हटलं होतं. हवा सोडा म्हटलं होतं. उद्या दुसरं कुणी असंच काहीतरी करायला जाईल, कुठल्या धरणात, कुठल्या समुद्रात. तो हे वाचेल. त्याला काय कळणार? पट्टे आपोआप तुटतात?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. समजूत घातली नाही.

त्याच संध्याकाळी मी ते वाक्य काढलं. त्या जागी सगळं लिहिलं. पट्टा पिंजल्याचं मला साडेअकराला कळलं होतं, हवा सोडण्याचा सल्ला मिळाला होता, हवा न सोडता तिसरी बुडी घेण्याचा निर्णय माझा होता, आणि आणीबाणीचा नंबर मी तपासलेला नव्हता. सही केली. सरांना न दाखवता जिथे पाठवायचा तिथे पाठवला. सर नंतर माझ्याशी एकच वाक्य बोलले, तेही इंग्रजीत, ते इथे लिहीत नाही. मार्चची वाट बघावी लागली नाही. जानेवारीतच नोएडाच्या खोल्या रिकाम्या झाल्या. चौकशी झाली. माझ्या नावाची नोंद झाली. काकांचा विमा त्या रिपोर्टमुळे मंजूर झाला असं मला मिस्त्रीकडून कळलं, पण त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, मी खात्री केली नाही.

सात महिने मला काम मिळालं नाही. मुलाखतीला गेले की समोरचा माणूस अदबीने बोलायचा आणि मग फोन यायचा नाही. घरी झोपून छताकडे बघत मी पट्ट्यांचं गणित करायचे. सहातले पाच धरतील का? आठ भागिले पाच. दर वेळी उत्तर यायचं, की धरायला हवे होते. पण भार सावकाश येत नाही, झटक्यात येतो, आणि झटक्याचं गणित मी कधी केलंच नव्हतं. माझ्या वडिलांनी एकदा फोनवर विचारलं, "तू जेवतेस ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "माझ्या हाताखालचा एक जण खांबावर गेला होता. लाइन बंद आहे असं मी सांगितलं होतं."  चाळीस वर्षांत त्यांनी हे घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता मी गुडगावला एका ऑफिसात छपरावरच्या सौर पॅनलची कामं बघते. साधं काम आहे. दर मंगळवारी अर्धा दिवस रजा घेऊन फरीदाबादला जाते आणि काकांना व्यायामाला घेऊन जाते. मी सुरुवातीला विचारलं तेव्हा ते नको म्हणाले होते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "रिक्षावाला वाट बघत नाही. तुम्ही याल तर बरं पडेल." त्यानंतर आमच्यात माफी वगैरे विषय निघालेला नाही. गाडीत ते ट्रॅफिकला शिव्या देतात. कधी कधी विचारतात, कुठे कुणी नवीन पिशवी बुडवली का, पट्टे कसले वापरले. बाहेरच्या देशांतलं काही वाचलेलं असलं तर मी सांगते. पेटारे नकोत, ते म्हणतात, कडा नकोतच, काँक्रीटचा गोल ठोकळा करायचा. मी वहीत लिहून घेते. मागच्या मंगळवारी ते काठी धरून दाराच्या पायरीवरून एकटे उतरले. उजवा पाय ओढत. मी हात पुढे केला तर म्हणाले, "लांब राहा, मॅडम, अंगावर पडेन."

काकू दार उघडतात. मी आहे हे बघतात आणि आत निघून जातात. दोन वर्षं होत आली. एकदाही माझ्याशी बोललेल्या नाहीत.